‘तीन’ म्हणजे किती? : चिनी सहकाऱ्यांची बलस्थाने मोजणाऱ्या मनुष्यबळ विभागांना खुले पत्र

प्रति,
भारतीय कंपन्यांच्या चीनमधील कारखान्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी ‘बलस्थान चाचण्या’ मागवणारे सर्व मनुष्यबळ विभागप्रमुख यांस

सप्रेम नमस्कार.

मी मूळचा अमरावतीचा, नोकरीने पुण्याचा आणि गेली चौदा वर्षे मुक्कामाने सुझोऊचा. शांघायहून जलद गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या या शहरात मी आधी एका भारतीय कंपनीच्या मनुष्यबळ विभागात होतो आणि आता स्वतंत्रपणे सल्लागाराचे काम करतो. आपल्यापैकी काही जणांशी माझा पत्रव्यवहार झालेला आहे. तरीही जे एकेकाला सांगून झाले ते सर्वांना एकदम लिहावे असे वाटण्याचे कारण एका बैठकीत दाखवले गेलेले एक चित्र आहे. त्या चित्रात दोन रंगांचे खांब शेजारी शेजारी उभे होते. प्रश्नावलीत कर्मचाऱ्यांनी स्वतःला दिलेल्या गुणांचे ते खांब होते : एक रंग पुण्याचा, दुसरा सुझोऊचा. धैर्य, आशावाद, नेतृत्व, कृतज्ञता अशी नावे खाली ओळीने लिहिलेली होती आणि बहुतेक ठिकाणी पुण्याचा खांब उंच तर सुझोऊचा ठेंगणा होता. चित्राखाली एकच वाक्य होते : ‘सुझोऊ संघात नेतृत्वगुणांची उणीव.’ त्या वाक्याच्या आधारावर दोन स्थानिक सहकाऱ्यांच्या बढत्या वर्षभर पुढे ढकलल्या गेल्या. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण अशी चित्रे मी त्यानंतर इतरही ठिकाणी पाहिली आहेत.

त्या दोघांपैकी एक बाई गुणवत्ता विभागात होत्या. इथल्या कारखान्यांत अभियंत्याच्या आडनावापुढे ‘कुंग’ लावून हाक मारतात, आपल्याकडे ‘साहेब’ लावतात तसे. आम्हीही त्यांना तसेच म्हणत असू. एका रात्री निर्यातीचा माल कंटेनरमध्ये चढत असताना, उष्णताप्रक्रियेच्या नोंदींत दोन तासांचे तापमान जुळत नाही एवढ्या कारणावरून त्यांनी तो माल उतरवायला लावला. कारखानाप्रमुख समोर उभे होते, वाहतूकदार ओरडत होता आणि बाई हातातला नोंदींचा कागद घडी न घालता, दोन्ही हातांनी सरळ धरून, तेच वाक्य पुन्हा पुन्हा हळू आवाजात सांगत होत्या. माल उतरला. पुढे तीन आठवड्यांनी त्याच बाईंनी टॅबवर आपण पाठवलेली प्रश्नावली भरली आणि ‘कठीण प्रसंगी मी ठामपणे उभी राहते’ या विधानासमोर पाचपैकी तीन हा आकडा निवडला. मी नंतर सहज विचारले, तर त्या जरा अवघडून म्हणाल्या, ‘हे मी कसे म्हणू? ते तुम्ही म्हणायचे.’

आपल्या चित्रातला ठेंगणा खांब अशा तिनांचा बनलेला आहे.

चिनी माणसाची स्तुती केली की पारंपरिक उत्तर येते ‘नाली, नाली’, म्हणजे शब्दशः ‘कुठे, कुठे?’. (विदर्भातल्या माणसाला हे पहिल्यांदा ऐकताना गटाराची आठवण होते, त्या गोंधळातून मीही गेलो आहे.) तरुण मुले आता सरळ आभार मानतात, पण स्वतःविषयी चढे विधान करण्याचा संकोच त्यांच्यातही पुष्कळ उरला आहे. आणि आपली प्रश्नावली तर दुसरे काहीच मागत नाही. माणसाने स्वतःविषयी चढी विधाने वाचावीत आणि त्यांना होकार द्यावा एवढीच तिची रीत आहे. नम्रता हेही त्या यादीतले एक बलस्थान आहे, हे तर आणखी गमतीचे. ज्याच्या अंगी ती खरोखर आहे त्याने ‘मी फार नम्र आहे’ या विधानापुढे किती गुण घ्यावेत, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

तरी सगळे खापर नम्रतेवर फोडून मी मोकळा होणार नाही, कारण मापनाची अडचण त्याहून खोल आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तैपेई व जपानमधले विद्यार्थी श्रेणीच्या मध्यावरचे पर्याय अधिक निवडतात आणि अमेरिकन विद्यार्थी टोकाचे, असे दिसले होते. तो फरक फार मोठा नव्हता आणि केवळ त्याच्या जोरावर सगळ्या तुलना उडवून लावणे चूक ठरेल. अधिक अवघड मुद्दा २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हाइने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. माणूस स्वतःला गुण देताना मनात कोणाच्या तरी शेजारी उभा राहतो आणि बहुधा तो शेजारी त्याच्याच समाजातला असतो. सुझोऊतला जोडारी ‘मी चिकाटीचा आहे का’ हे ठरवताना पुण्यातल्या जोडाऱ्याकडे पाहत नाही. तो आपल्या वडिलांकडे, आपल्या पाळीतल्या माणसांकडे, गावाहून आलेल्या चुलतभावाकडे पाहतो. ज्या समाजात सगळेच चिवट आहेत तिथे चिवट माणूस स्वतःला मध्यमच वाटतो, आणि हा परिणाम नम्रतेचा थेंबही नसताना घडतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मानसशास्त्रातले नसून राज्यशास्त्रातले आहे. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चीन आणि मेक्सिको येथील नागरिकांना विचारले की सरकारच्या निर्णयांत तुमचे म्हणणे कितपत चालते. सरळ उत्तरे पाहिली तर चिनी नागरिक मेक्सिकोच्या नागरिकांपेक्षा स्वतःला अधिक प्रभावी समजत होते. मग त्याच लोकांना काही काल्पनिक माणसांची छोटी वर्णने वाचायला दिली, त्या माणसांनाही त्याच श्रेणीवर गुण द्यायला सांगितले आणि प्रत्येकाचे स्वतःचे उत्तर त्या वर्णनांच्या संदर्भात पुन्हा वाचले. चित्र उलटले. दोन्ही देशांतल्या लोकांनी एकच आकडा वेगवेगळ्या उंचीवर धरलेला होता. इथे चिनी उत्तरे चढी होती, आपल्या चाचणीत ती उतरती आहेत. म्हणजे ‘चिनी माणूस नेहमी कमी सांगतो’ असा सोपा गुणक लावून आकडे दुरुस्त करण्याचाही मार्ग उरत नाही. प्रत्येक प्रश्नाची उंची वेगळी तपासावी लागते.

आता भाषेकडे येतो, कारण आपल्या अनुवादाची एक प्रत मी ओळ न् ओळ वाचली आहे. पर्यायांमध्ये ‘बरेचसे माझ्यासारखे’ यासाठी ‘हन’ हा शब्द वापरला होता. शब्दकोशात ‘हन’ म्हणजे ‘खूप’. परंतु रोजच्या चिनीत विशेषणाआधी तो इतका सवयीने येतो की त्याच्यातला ‘खूप’पणा बराचसा झिजून गेलेला असतो; जोर द्यायचा तर लोक ‘फेइछांग’सारखा दुसरा शब्द घेतात. अशा वेळी चौथ्या आणि तिसऱ्या पर्यायांत नेमके किती अंतर उरते हे तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि आपण ते तपासलेले नव्हते.

त्याच प्रतीत कृतज्ञतेखाली ‘मी लोकांचे आभार मानायला विसरत नाही’ असे विधान होते. इथे जवळच्या माणसाचे तोंडभर आभार मानले तर तो दुखावतो. त्याला ते ‘ज्यॅनवाय’ वाटते, म्हणजे आपल्याला बाहेरचे समजल्यासारखे. आपल्या घरांत तरी वेगळे काय आहे? आईने वाढले म्हणून ‘धन्यवाद’ म्हणणारा मुलगा आपल्याकडेही चेष्टेचा विषय होतो, आणि मित्र तर सरळ विचारतो, ‘परक्यासारखे आभार कसले मानतोस?’ ही कृतज्ञता वागण्यातून फेडली जाते. चिनी समाजात त्या फेडीला ‘रनछिंग’ हा शब्द आहे, आणि लग्नातल्या पाकिटांच्या रकमा तिथे वहीत उतरवून ठेवतात, जशी आपली आहेराची वही असते. वहीत नाव राहिले की पुढच्या कार्याला त्या घरी जाणे आले. प्रश्नावलीत मात्र ही वही कुठेच नाही.

वास्तविक ती असलेली साधने उपलब्ध आहेत, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतील फॅनी चेउंग यांनी बीजिंगमधील विज्ञान अकादमीच्या मानसशास्त्र संस्थेबरोबर चिनी व्यक्तिमत्त्वाची जी मापनसूची तयार केली ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी शब्द गोळा करताना त्यांनी परदेशी यादीचा अनुवाद केला नाही. समकालीन चिनी कादंबऱ्या, म्हणी आणि लोकांनी माणसांची केलेली वर्णने यांतून सामग्री घेतली. त्या सूचीत सलोखा, मुखप्रतिष्ठा (चारचौघांत आब राखणे), रनछिंग अशा उपसूची एकत्र येऊन एक स्वतंत्र घटक उभा राहिला, जो व्यक्तिमत्त्वाची पाच घटकांत मांडणी करणाऱ्या पाश्चात्त्य प्रतिमानात नीट बसत नव्हता. पुढे हा ‘परस्परसंबंधां’चा घटक चीनबाहेरच्या काही गटांतही आढळला. जे चिनी म्हणून शोधले ते इतरांतही होते, फक्त कोणी विचारले नव्हते. त्याआधी १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकेल बाँड यांनी चिनी विद्वानांना मूलभूत मूल्ये विचारून ४० मूल्यांची यादी केली आणि ती अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हाही पाश्चात्त्य पाहणीत न दिसलेला एक घटक हाती लागला होता. प्रश्न विचारण्याची सुरुवात कुठून होते यावर उत्तराचा बराच भाग ठरतो, हे या क्षेत्रात आता नवे राहिलेले नाही.

बलस्थानांच्या बाबतीतही असेच घडले आहे. आपण वापरता त्या चाचण्यांचा उगम ज्या वर्गीकरणात आहे ते क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४ मध्ये मांडले : सहा सद्गुण आणि त्यांच्याखाली २४ बलस्थाने. मूळ प्रश्नावलीत २४० विधाने होती. दुआन वनज्ये, सॅम्युएल हो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ती चिनी विद्यार्थ्यांवर तपासून ९६ विधानांवर आणली, आणि घटक विश्लेषणात (कोणती उत्तरे एकत्र जातात हे पाहणाऱ्या गणितात) सहा सद्गुण काही उभे राहिले नाहीत. तीनच राहिले : नातेसंबंध, चैतन्य आणि कर्तव्यदक्षता. त्यानंतर २०१६ मध्ये १२ विधानांची आणि २०१७ मध्ये १५ विधानांची छोटी साधने आली. दुसरीत आस्था, जिज्ञासा आणि आत्मसंयम असे तीन घटक आहेत. सहा कप्प्यांचे कपाट तीन कप्प्यांचे झाले म्हणून चिनी मन साधे ठरत नाही. मूळ कपाट सगळीकडे सहा कप्प्यांनीच उभे राहते असेही नाही. पण आपल्या अहवालात सुझोऊच्या माणसाला जेव्हा ‘अतीतत्व’ (स्वतःपलीकडच्या मोठ्या अर्थाशी नाते) या सद्गुणात अमुक गुण मिळाल्याचे छापले जाते, तेव्हा ज्या कप्प्याचे अस्तित्व तिथे सिद्ध झालेले नाही त्यातल्या वस्तूंची आपण मोजदाद करत असतो.

लवचिकतेच्या, म्हणजे संकटातून सावरण्याच्या क्षमतेच्या, मापनाचीही तीच कथा. कॉनर आणि डेव्हिडसन यांच्या २००३ सालच्या २५ विधानांच्या श्रेणीत पाच घटक होते. यू श्याओनान आणि झांग ज्यॅनशिन यांनी २००७ मध्ये चिनी लोकांवर ती तपासली तेव्हा चिकाटी, बळ आणि आशावाद असे तीनच मिळाले, आणि आशावादाच्या घटकाची अंतर्गत सुसंगती (त्यातल्या विधानांच्या उत्तरांचा आपसांतला मेळ) इतर दोहोंपेक्षा कमी निघाली. मला त्यात आश्चर्य वाटले नाही. इथल्या जुन्या कामगारांच्या तोंडी संकटाविषयी ‘सगळे चांगले होईल’ हे वाक्य मी क्वचित ऐकले; ‘छ्र खू’ मात्र सतत ऐकतो. शब्दशः अर्थ ‘कडू खाणे’, म्हणजे कष्ट सोसणे. ज्या भाषेत माणूस खस्ता खातो आणि टक्केटोणपे खाऊन शहाणा होतो, त्या भाषेच्या वाचकांना हे समजावून सांगावे लागू नये. ‘सोसणे’ या अर्थाचे ‘रन’ हे चिनी अक्षर मला एका वृद्ध शिक्षकाने टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून काढून दाखवले होते : वर धारदार पाते आणि त्याखाली काळीज. हे बलस्थान आहे की बळजबरीने अंगवळणी पडलेली सवय, यावर चिनी माणसेही आपसांत वाद घालतात, आणि तो वाद त्यांनीच घालायचा आहे. आपल्या चाचणीने तो न विचारता निकाली काढला आहे, कारण तिच्यात आशेला खाते आहे आणि सोसण्याला नाही.

इथे थोडे मागे जाण्याची परवानगी द्यावी. माणसे पारखून त्यांना कामावर नेमणे हा चीनला परका विषय नाही. तिसऱ्या शतकात वेई राज्याच्या सेवेतील लिऊ शाओ याने त्यावर ग्रंथच लिहिला. त्याच्या मते सर्वांत मोलाची प्रकृती समतोल प्रकृती होय, आणि अशी प्रकृती अळणी, बेचव असते. तिला स्वतःची अशी एक चव नसते, म्हणूनच ती बाकीच्या गुणांचा मेळ घालू शकते. आज आपण ज्याला ‘ठळक बलस्थाने’ म्हणतो आणि पहिल्या पाचांची रंगीत यादी करून माणसाच्या हातात देतो, ती लिऊ शाओच्या हिशेबी दुय्यम माणसाची लक्षणे ठरली असती. आजचा सुझोऊतला अभियंता हा ग्रंथ वाचून प्रश्नावली भरत नाही हे मला मान्य आहे. पण सगळीकडे जवळपास सारखेच गुण घेतलेला सपाट आलेख पाहून ‘या व्यक्तीत आत्मभान कमी आहे’ असा शेरा मारण्याआधी, सपाटपणा हाच कोणाचा तरी आदर्श असू शकतो एवढे तरी आठवावे.

आपल्यापैकी एका विभागप्रमुखांनी मला उत्तरादाखल २००५ चा एक अभ्यास पाठवला होता, ज्यात फ्रेड लुथान्स आणि सहकाऱ्यांनी ४२२ चिनी कामगारांची आशा, आशावाद आणि लवचिकता मोजली आणि त्यांचा वरिष्ठांनी केलेल्या कामाच्या मूल्यमापनाशी संबंध दाखवला. अभ्यास चांगला आहे आणि मापन अशक्य आहे असे माझेही म्हणणे नाही. पण त्यात चिनी कामगारांची तुलना चिनी कामगारांशी आहे. एकाच भाषेत, एकाच श्रेणीवर, एकमेकांच्या शेजारी उभे राहणाऱ्या माणसांत आकडा काही सांगू शकतो. त्याच आकड्याला विमानात बसवून पुण्यात आणले की तो मुका होतो.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. ‘चिनी प्रौढांची प्रमाणके’ या नावाखाली एकाचे गुण इतरांशी ताडून पाहण्याचे जे तक्ते विकले जातात ते कोणाच्या उत्तरांवरून तयार झाले हे विचारत जा. पुष्कळदा ते विद्यापीठातल्या विशीतल्या मुलांचे असतात. २०२० च्या जनगणनेनुसार चीनमध्ये सुमारे ३७.६ कोटी लोक आपल्या नोंदणीच्या गावाबाहेर राहतात, आणि आपल्या कारखान्यातल्या पाळ्या बहुतांशी त्यांच्याच आहेत. आन्हुईच्या खेड्यात आजीकडे मूल ठेवून आलेल्या चाळिशीच्या बाईची ‘आशा’ शांघायच्या पदवीधराच्या प्रमाणकावर मोजणे मला तरी योग्य वाटत नाही. शिवाय चीन एकजिनसीही नाही. थॉमस टॅलहेम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये भात पिकवणाऱ्या दक्षिणेतले आणि गहू पिकवणाऱ्या उत्तरेतले हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाचे, विद्यार्थी पाहिले, तर भाताकडची मंडळी अधिक परस्परावलंबी विचार करणारी दिसली. त्यांनी दिलेल्या कारणावर वाद आहेत, पण एका देशाची एकच सरासरी काढणाऱ्याने थांबावे एवढे त्यात नक्कीच आहे.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहितो. देशादेशांतले खांब शेजारी ठेवणारी चित्रे बंद करावीत. एकाच श्रेणीचा अर्थ दोन्हीकडे सारखाच लागतो हे संख्याशास्त्रीय कसोटीने दाखवता आले तरच अपवाद करावा, आणि ते दाखवणारा कागद चित्रासोबत जोडावा. साधन निवडताना चीनमध्ये चिनी लोकांवर तपासलेल्या छोट्या प्रश्नावल्यांना पहिली पसंती द्यावी. १५ विधानांचे साधन २४० विधानांच्या अनुवादापेक्षा स्वस्तही पडते, हे तुमच्या वित्त विभागाला आवडेल. मोठा अनुवाद वापरायचाच असेल तर आधी दहा-बारा माणसांना समोर बसवून, प्रत्येक विधान वाचल्यावर त्यांच्या मनात कोणता प्रसंग आला हे चिनी भाषेत विचारावे. एका दुपारचे काम आहे, आणि ‘हन’ व ‘आभार’ या दोन्ही चुका त्या दुपारीच सापडल्या असत्या. जिथे गुण कळीचे आहेत तिथे काल्पनिक माणसांची वर्णने जोडावीत. आणि स्वतःच्या उत्तरांबरोबर सहकाऱ्यांचीही उत्तरे घ्यावीत. ‘ते तुम्ही म्हणायचे’ असे बाई म्हणाल्या होत्या. तर मग आपण ते म्हणण्याची सोय करू या.

बढतीसाठी या गुणांचा वापर मात्र कोणत्याही साधनाने करू नये. माणसाला स्वतःविषयी बोलते करण्यासाठी ही साधने उपयोगी पडतात. निवडीसाठी ती वापरली जातात असा नुसता सुगावा लागला तरी उत्तरे बदलतात, आणि ती चीनमध्येच बदलतात असे नव्हे. शिवाय १ नोव्हेंबर २०२१ पासून चीनचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागू आहे आणि माहिती देशाबाहेर पाठवण्यासाठी त्यात स्वतंत्र संमतीची तरतूद आहे. मनुष्यबळ व्यवस्थापनासाठी आवश्यक असलेल्या माहितीला २०२४ च्या नियमांनी काही सवलती दिल्या. कोणाची ‘कृतज्ञता’ पुण्याच्या सर्व्हरवर असणे आवश्यक आहे का, याचे लेखी मत आपल्या वकिलांकडून घ्यावे.

त्या बाईंना बढती पुढच्या वर्षी मिळाली, कारण त्या कंटेनरची गोष्ट कोणीतरी ग्राहकाच्या कानावर घातली आणि ग्राहकाने पत्र लिहिले. त्यांच्या नस्तीत ‘धैर्य : सरासरीपेक्षा कमी’ ही ओळ मात्र मी नोकरी सोडली त्या दिवसापर्यंत तशीच होती. आपल्या पुढच्या चाचणीची फेरी वसंतोत्सवाच्या (चिनी नववर्षाच्या) सुटीनंतर आहे असे ऐकतो. त्याआधी जुन्या नस्त्यांमधून अशा ओळी काढून टाकाव्यात आणि काढल्याचे संबंधितांना लेखी कळवावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सुझोऊतील एक मनुष्यबळ सल्लागार